दोन शनिवारांची क्वाड

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले नव्हते, तोच इद्वलनं एका सकाळी स्वयंपाकघरात जाहीर केलं की आपण एक क्वाड घ्यावी म्हणतो. चार जाडजूड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची, वरून उघडी, मेंढ्यांच्या मागे डोंगरभर हुंदडणारी ती गाडी. पण नुसती शेतातली नव्हे. नंबरप्लेट, दिवे, हॉर्न सगळं असलेली, रीतसर रस्त्यावर चालवता येणारी. शनिवार-रविवार फिरायला.

मेनिर रश्श्यासाठी लीकची कांद्यासारखी पात चिरत होती. तिनं सुरी थांबवली नाही.

"आपल्याकडे मेंढ्या किती आहेत?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काही नाही. मजा."

"त्रेसष्टाव्या वर्षी?"

"बासष्ट. आणि मजेला वयाची अट असेल तर आत्ताच सांग, तशी चिठ्ठी आणतो कुणाकडून तरी."

"म्हातारचळ म्हणतात याला."

"म्हणू देत की. एकतीस वर्षं मी लोकांच्या पत्रपेट्यांपर्यंत गाडी नेली, मेनिर. आता ज्या रस्त्यावर एकही पत्रपेटी नाही अशा रस्त्यानं जायचंय मला."

हे मात्र खरं होतं. एकतीस वर्षं टपालाची लाल गाडी चालवल्यामुळे सगळ्या खोऱ्यात त्याला 'इद्वल पोस्ट' याच नावानं ओळखत. वेल्सच्या डोंगरात एकेका आडनावाची शंभर घरं, म्हणून माणसाला त्याचा धंदा चिकटतो, नाहीतर शेताचं नाव. पण मेनिरनंही तेवीस वर्षं शहरातल्या दवाखान्याच्या खिडकीमागे बसून काढली होती. क्वाडवरून पडून आलेला खोऱ्यातला प्रत्येक माणूस आधी तिच्याच खिडकीशी आला होता. कुणाचं गळ्याचं हाड मोडलेलं, कुणाच्या बरगड्या, आणि दोघं तर असे की ते खिडकीपर्यंत आलेच नाहीत, त्यांच्या बायका नंतर कागदपत्रं न्यायला आल्या. त्यामुळे ती 'नाही' म्हणाली, आणि इद्वलनं ते ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो हेंद्रेला गेला.

हेंद्रे म्हणजे खोऱ्याच्या टोकाचं शेवटचं शेत. तिथे ओल्वेन राहायची. शहात्तर वर्षांची, चारशे मेंढ्या, एक कुत्रं आणि एक जुनी जीप. तिच्या भाच्यानं तीन वर्षांपूर्वी दोन माणसांची क्वाड हौसेनं घेतली होती, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला गादीसुद्धा होती तिला. मग तो न्यूझीलंडला गेला आणि गाडी ताडपत्रीखाली राहिली. ती विकून टाक असं त्यानं आत्याला कळवलं होतं.

"घेऊन जा," ओल्वेन म्हणाली. "दोन शनिवार-रविवार वापरा. मग मला एका शब्दात सांगा, हो की नाही. 'नाही' म्हणालात तर मे महिन्यात बाजारात काढते." मग तिनं इद्वलकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पण एक सांगते. हे खेळणं नाही. माझ्या लेखी ही कुऱ्हाड आहे. कुऱ्हाड घेऊन कुणी रविवारचं फिरायला निघतं का?"

विम्याचा अर्ज नेहमीप्रमाणे मेनिरनं भरला. घरातलं लिहिण्याचं सगळं काम तिचंच. इद्वल पाठीमागे उभा राहून पडद्याकडे बघत होता.

"दुसरी चालक म्हणून तुझंही नाव घाल."

"माझं कशाला?"

"घालून तर बघ. दोन नावं असली की हप्ता कमी होतो."

तिनं घातलं. खरंच कमी झाला. त्या दोघांना त्याचं हसू आलं, कारण मेनिरनं एकोणीस वर्षांत कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. परवाना होता. दर दहा वर्षांनी ती त्यावरचा फोटो बदलून घ्यायची, ओळखपत्र म्हणून. पण गाडी चालवणं तिनं एका फेब्रुवारीत सोडलं ते सोडलंच.

त्या फेब्रुवारीतल्या सकाळी ती हेलेदला, म्हणजे तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला, दातांच्या डॉक्टरकडे नेत होती. धरणाखालच्या वळणावर रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, काचेसारखा, न दिसणारा. गाडी वळलीच नाही. सरळ गेली, कुंपण तोडून खाली ओढ्यात उतरली आणि एका बाजूला कलली. मेनिरला ओरखडासुद्धा आला नाही. मागे बसलेल्या हेलेदचा पाय मांडीत मोडला. चार महिन्यांत पोर पुन्हा धावायला लागली, शाळेच्या संघात खेळली, आता कार्डिफला नोकरीला होती. तिनं तो दिवस कधी उगाळला नाही. पण मेनिरचा हात किल्लीपाशी गेला की गार पडायचा. पहिले काही महिने ती म्हणायची, वसंतात बघू. मग तसं म्हणणंही थांबलं.

खोऱ्यात बस आठवड्यातून एकदा, गुरुवारी. तेव्हापासून तिला दवाखान्यात सोडायचं काम इद्वलचं, आणायचं काम इद्वलचं, बाजार, चॅपेल, तिच्या बहिणीकडे, सगळीकडे इद्वल. त्यासाठी त्यानं टपालाची पहाटेची फेरी मागून घेतली होती. कधी कुरकुर नाही.

पहिल्या शनिवारी हेंद्रेच्या अंगणात ओल्वेननं इद्वलची शिकवणी घेतली. मेनिर दगडी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बघत होती.

"गॅस अंगठ्यानं. हा खटका. मुठीनं पिळायचं नाही, ही मोटरसायकल नव्हे. पाय खाली टेकवायचा नाही, कध्धीच. टेकवलास की मागचं चाक तुझ्याच पायावरून जाईल. वळताना आतल्या बाजूला झुकायचं, सगळं अंग न्यायचं, पोत्यासारखं बसून राहायचं नाही. उतारावर पहिला गिअर टाकायचा आणि इंजिनाला धरू द्यायचं, ब्रेकवर लटकायचं नाही. ऐकतोयस ना?"

"एकतीस वर्षं गाडी चालवलीय, ओल्वेन."

"ती गाडी होती. चालव बघू."

इद्वल निघाला, ऐटीत अंगणाला फेरी मारली आणि पहिल्याच वळणाला पोत्यासारखा बसून राहिला. गाडी वळायची ती सरळ शेणखताच्या ढिगात गेली आणि तिथे आपली आपण बंद पडली. ओल्वेनचं कुत्रं त्याच्याजवळ जाऊन बसलं.

"एकतीस वर्षं," ओल्वेन मेनिरला म्हणाली.

मेनिर एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली.

पण दुपारपर्यंत त्याला जमलं. तो खोऱ्यात वरखाली तीन फेऱ्या मारून आला, गालफडं गार, डोळ्यांतून पाणी वाहतंय, अंगठा दुखतोय, आणि चेहरा असा की पाहणाऱ्याला राग येऊ नये. दुसऱ्या दिवशी चॅपेलहून परतल्यावर मेनिर मागे बसायला तयार झाली. एकदाच, असं बजावून.

तिला ते आवडलं नाही. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं. प्रत्येक खड्डा कमरेपर्यंत पोचत होता. डोंगरातल्या पायवाटांवर गाडीला बंदी, त्यामुळे जे जे बघण्यासारखं होतं त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरायचं. पाठीवर सॅक घेऊन चालणारी माणसं त्यांच्याकडे अशी बघत की जणू हे चॅपेलमध्ये शिट्टी वाजवतायत. फक्त एक गोष्ट तिनं रात्रीच्या जेवणाला कबूल केली. वरच्या रस्त्याला दोन्हीकडे ती पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं फुलली होती, आणि त्यांचा वास सबंध वाटभर नाकात येत राहिला होता. ओल्या खोबऱ्यासारखा.

"एवढी वर्षं त्याच रस्त्यानं गाडीतून जातेय," ती म्हणाली. "काच बंद असली की काही कळत नाही."

"म्हणजे आवडली."

"वास आवडला. गाडी नाही."

दुसऱ्या शनिवारी इद्वलनं मोठा बेत आखला. धरणाच्या पलीकडून एक जुना रस्ता पठारावर चढतो. पूर्वी त्या रस्त्यानं गुरांचे तांडे हाकत लंडनच्या बाजारापर्यंत न्यायचे. आज त्यावर डांबर नाही, घर नाही, पण नकाशात तो अजूनही सर्व वाहनांना खुला आहे. वाटेत चार फाटकं, आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरलं की चहाचं एक दुकान. मेनिरनं थर्मास घेतला आणि 'बारा ब्रिथ' नावाची मनुकांची पाव-केकसारखी वडी लोणी लावून कागदात बांधली. चहाचं दुकान बंद असलं तर, म्हणाली. मनात ती ठरवून निघाली होती की आजचा दिवस काढायचा, संध्याकाळी गाडी परत करायची, आणि विषय संपवायचा.

तिसऱ्या फाटकापर्यंत सगळं छान होतं. फाटकं उघडायचं काम मागे बसणाऱ्याचं, म्हणजे तिचं. पण तिसऱ्याची कडी गंजलेली होती, तिला निघेना. इद्वल उतरला. फाटकाखाली पाटीच्या दगडाची मोठी लादी होती, पावसानं ओली, शेवाळलेली. त्यानं कडीला जोर दिला, कडी एकदम सुटली, फाटक उघडलं आणि इद्वल त्याच्याबरोबर गेला. एक पाय लादीवर घसरला, उजवा हात त्यानं खाली टेकवला. मेनिरला तो आवाज ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा.

क्वाड दहा पावलांवर शांत उभी होती.

"बघ," इद्वल दात आवळून म्हणाला, "गाडीनं काही केलं नाही. फाटकानं केलं."

मनगट भलत्याच बाजूला वळलेलं होतं. घोटाही मुरगळला होता, पायावर भार देता येत नव्हता. मेनिरनं स्वतःची शाल काढून हात गळ्यात बांधला, त्याला फाटकाच्या खांबाला टेकवून बसवलं, थर्मासमधला चहा पाजला. फोनला रेंज नव्हती. पठारावर ती कधीच नसते. आणि पश्चिमेकडून धुकं सरकत येत होतं. घाई नाही अशा चालीनं, पण येत होतं.

"मी चालत खाली जाते, ओल्वेनला घेऊन येते," ती म्हणाली.

"पाच मैल. जाऊन येऊन तीन तास."

"मग तू एका हातानं चालव."

त्यानं बसून पाहिलं. गॅसचा खटका उजव्या हाताला. डावा हात आडवा करून त्यानं तो दाबला तर हँडल वाकडं व्हायला लागलं. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्याच्या ओठांवरचा रंग गेला आणि मेनिरनंच त्याला थांबवलं.

तो एकदाही 'तू चालव' म्हणाला नाही. तिला नंतर आठवायचं ते हेच. धुकं येत होतं, थंडीनं त्याचे दात वाजत होते, आणि तरीही तो गप्प होता.

"मागे सरक," मेनिर म्हणाली.

ती पुढे बसली. शिकवणी इद्वलची झाली होती, पण भिंतीला टेकून भीतभीत ऐकणाऱ्या माणसाला सगळं जास्त लक्षात राहतं. ओल्वेनचा शब्दन्‌शब्द तिला आठवत होता. अंगठ्यानं खटका दाबला. गाडीनं अशी उडी मारली की इद्वल मागून कण्हला. तिनं अंगठा सोडला. गाडी थांबली. तिनं अंगठा दुसऱ्या हातानं धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग पुन्हा दाबला, इतका हळू, जसं झोपलेल्या माणसाच्या दारावर टकटक करावी.

गाडी निघाली.

दोन फाटकं तिनं उतरून उघडली, पार करून बंद केली. फाटक उघडं टाकणं तिच्या रक्तात नव्हतं, मग नवऱ्याचं मनगट मोडलेलं का असेना. दुसऱ्या फाटकानंतर खरा उतार लागला. ओले दगड, मधून वाहणारं पाणी, डावीकडे कडा. तिनं पहिला गिअर टाकला. इंजिन घोगऱ्या आवाजात गाडी धरून राहिलं.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. पत्ते सांग."

मग त्याचा आवाज तिच्या कानाशी आला, दुखण्यानं तुटक, पण सावकाश, त्याच्या कामावरचा आवाज.

"पेन-अ-बोन्त. पेटी फाटकावर. कुत्रं चावत नाही, पण त्याला ते माहीत नाही." गाडी एका दगडावरून उतरली. "ब्रिन आवेल. म्हातारीला ऐकू येत नाही, दार उघडून टेबलावर ठेवायचं. टेबलावर माझ्यासाठी एक बिस्किट असायचं. तान-अ-ग्राइग. तिथे दोन भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पेट्या दोन. एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत गेलं की महिनाभर भांडण. मी एकदा मुद्दाम टाकलं होतं."

"का?"

"निदान बोलतील म्हणून. आतल्या बाजूला झुक. हां, अशी."

घर घर करत तो सगळी फेरी बोलत गेला. कोणाच्या पेटीत चिमणीनं घरटं केलं होतं, कोणाकडे नातवाचा पहिला फोटो पत्रातून आला तेव्हा म्हातारा दारातच रडला होता. मेनिरनं यातलं निम्मं कधी ऐकलं नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात. दगड संपले, माती लागली, माती संपली आणि खाली डांबराचा रस्ता दिसला.

तिथे तिला खरी भीती वाटली. दगडांचं तिला नवीन भय होतं, डांबराचं जुनं. हेंद्रेकडे जायचं तर धरणाखालून जाणं भाग होतं.

वळण दिसलं तशी तिनं गाडी अगदी हळू केली. इद्वल फेरीतलं पुढचं नाव घ्यायला गेला आणि थांबला.

"इथे घर नाही," तो म्हणाला. एवढंच.

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती आतल्या बाजूला झुकली आणि वळली. नवं कुंपण एकोणीस वर्षांत जुनं झालं होतं, त्यावर लोकर अडकलेली होती. खाली ओढ्याचं पाणी चाललं होतं. बस. पुढचा रस्ता सरळ होता. तिनं आरशात पाहिलं तर मागे सहा-सात गाड्यांची रांग लागली होती, आणि रांगेत पहिली टपालाची लाल गाडी. इद्वलच्या जागी आलेली नवी मुलगी चालवत होती. ती हॉर्न वाजवू शकली असती, पुढे घुसू शकली असती. तिनं दोन्ही केलं नाही. उलट स्वतःच्या गाडीचे सगळे इशाऱ्याचे दिवे लावून, मागच्यांना अडवून, मिरवणुकीच्या चालीनं ती हेंद्रेच्या फाट्यापर्यंत मागेमागे आली, आणि वळताना हात हलवून गेली.

ओल्वेन अंगणात होती. तिनं हँडलवर कोण आहे ते पाहिलं, मागे कोण आहे ते पाहिलं. जीपची किल्ली घेऊन आली. इद्वलला आत बसवलं. मग मेनिरची बोटं हँडलवरून एकेक करून सोडवली, कारण ती तिची तिला सुटत नव्हती.

"पुरे, पोरी," ओल्वेन म्हणाली. "आता सोड. पोचलीस."

दवाखान्यातून संध्याकाळी परत आले ते मनगटाला प्लास्टर घेऊन, सहा आठवड्यांचं. खुर्चीत बसल्या बसल्या इद्वलनं निकाल देऊन टाकला.

"नाही म्हणून सांग ओल्वेनला. तुझं बरोबर होतं. पाठ दुखते, थंडी वाजते, बोलता येत नाही, जिथे जायचं तिथे बंदी. आपलं वय नाही हे."

मेनिर त्याच्यासाठी बटाटा कुस्करत होती.

"एकोणीस वर्षांत तू एकदाही म्हणाला नाहीस, की बस झालं, चालव आता."

इद्वलनं प्लास्टरवरून बोट फिरवलं. "म्हणायला हवं होतं का? मला कधी कधी वाटायचं, आपण म्हणत नाही म्हणून तर ही अडकून बसली नाही ना."

"मलाही कधी कधी तसं वाटायचं," ती म्हणाली. "पण तू म्हणाला असतास तर मी तुला माफ केलं नसतं. आणि तू नेत राहिलास. पाऊस असो, ताप असो. मी तुझे आभार कधी मानले नाहीत, इद्वल. काय म्हणायचं तेच कळायचं नाही."

"बटाट्यात लोणी घाल थोडं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

हेलेदला तिनं फोन करून वडिलांच्या हाताचं सांगितलं. घाबरू नको, हाड जुळेल.

"मग तुम्ही खाली आलात कसे?" हेलेदनं विचारलं.

"मी चालवली."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई," हेलेद म्हणाली, "परत एकदा सांग."

रविवारीच ओल्वेननं गाडी त्यांच्या दारात आणून लावली होती, ठरलेला दिवस अजून शिल्लक आहे म्हणून; ती पुढच्या शनिवारी परत द्यायची होती. इद्वल प्लास्टरमध्ये, म्हणजे न्यायची मेनिरनंच. हेंद्रे दीड मैलावर. सकाळी दहाला ती निघाली आणि बाराला पोचली. मधल्या वेळात ती धरणापर्यंत गेली होती, धरणावरून वरच्या जंगलापर्यंत, तिथून परत. वळणावरून दोनदा. एका ठिकाणी इंजिन बंद करून ती नुसती बसून राहिली होती, कोकरं बघत, कुणी न्यायला येईल याची वाट न बघता. कितीतरी वर्षांत ती एवढी एकटी कुठे गेली नव्हती.

ओल्वेननं चहाचा मग पुढे केला.

"हं. एका शब्दात. खेळणं म्हणून बरी आहे का?"

"खेळणं म्हणून भिकार आहे," मेनिर म्हणाली. "बाजारहाट होत नाही, पावसात भिजायला होतं, कंबर मोडते, कानात दडे बसतात. शहाण्या माणसानं तेवढ्या पैशात छोटी गाडी घ्यावी. तुम्ही म्हणालात तशी ही कुऱ्हाडच, जरा नजर चुकली की घात करेल. मी तर प्रत्येक वळणाला अजून देवाचं नाव घेते."

"मी एका शब्दात म्हटलं होतं."

"हो," मेनिर म्हणाली.

ओल्वेननं तिच्याकडे पाहिलं. "हो म्हणजे ऐकलं, की हो म्हणजे घेतेस?"

"घेते."

म्हातारी आत गेली आणि भाच्याचं हेल्मेट घेऊन आली, गाडीबरोबरचं. "हेही ने. आणि नवऱ्याला सांग, आता तरी पोत्यासारखं बसू नको म्हणावं. मागच्यानंही झुकायचं असतं."

इद्वलला ही बातमी पचायला एक दिवस लागला. तो रुसला नाही, पण अधूनमधून म्हणायचा, हौस माझी आणि गाडी हिची. प्लास्टर निघाल्यावर त्यानं दोनचारदा चालवून पाहिली आणि मग स्वतःच सांगितलं की त्याला मागे बसणं जास्त आवडतं. एकतीस वर्षं रस्त्याकडे बघत गेली, आता आजूबाजूला बघता येतं.

जूनमध्ये हेलेद आली. जेवण झाल्यावर तिनं आपणहून हेल्मेट उचललं आणि आईच्या मागे जाऊन बसली. मेनिरनं गाडी खोऱ्याच्या खालच्या बाजूला वळवली होती, धरणाच्या उलट दिशेला. हेलेदनं तिच्या खांद्यावर दोन बोटं ठोकली आणि वरच्या रस्त्याकडे दाखवलं. तशा त्या वर गेल्या. वळणावर हेलेदनं आईच्या कमरेला हात घातले आणि तिच्याबरोबर झुकली. परत आल्यावर तिचं मत विचारलं तर ती म्हणाली की पाठीचा पार चुराडा झाला, ही असली गाडी पैसे देऊन कोण घेतं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं आईला इतकी घट्ट मिठी मारली की इद्वल चहाचा कप घेऊन बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी खोऱ्यातल्या चॅपेलमध्ये वर्षाची कृतज्ञतेची प्रार्थना असते. खिडक्यांत सफरचंदं, सलगम, भोपळे, एका टोकाला गव्हाची पेंढी. मेनिर दुपारी क्वाडनं आली, पावसाचा कोट दाराशी टांगून इद्वलशेजारी बसली. पलीकडे ओल्वेन होती, तिच्या अंगाला मेंढ्यांचा वास येत होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. पाळक म्हणाले, आता थोडा वेळ आपण गप्प बसू या. ज्याला ज्याचे आभार मानायचेत त्यानं ते मनात मानावेत.

मेनिरनं डोळे मिटले. दरवर्षी ती हे मिनिटभर कसंबसं काढायची. या वर्षी तिनं सुरुवात केली ती माणसांपासून, शेजारी बसलेल्यापासून, आणि एकामागून एक नावं येत गेली. काही तिला ठाऊकही नव्हती, नुसते चेहरे होते. ती जेमतेम निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. सगळे उठले. इद्वलनं तिच्यासमोर गीतांचं पुस्तक धरलं, आणि तीही उठून गायला लागली.